काचबिंदूचे ड्रॉप्स, डोळ्यातली चुरचुर आणि कॉर्निया: कुणाला अनुभव आहे का?

मालाडपश्चिम:

नमस्कार मंडळी. बाबांना दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे, वय ७१. बरीच वर्षं ड्रॉप्स चालू आहेत आणि डोळ्यातलं प्रेशर आटोक्यात आहे, मागच्या वेळी १५ आणि १६ आलं, फील्ड टेस्ट (नजरेचा आवाका मोजतात ती) पण स्थिर आहे. म्हणजे फाईल बघितली तर सगळं उत्तम चाललंय. पण माणूस बेजार झालाय. सकाळी डोळे चिकटलेले असतात, कोमट पाण्याने पुसल्याशिवाय उघडत नाहीत, पेपर वाचायला घेतला की थोड्याच वेळात अक्षरं धूसर, मग पापण्या मिटल्या की क्षणभर स्पष्ट, परत धूसर. वाळू गेल्यासारखं खुपतं म्हणतात. पंख्याखाली बसवत नाही, लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली तरी नको म्हणतात कारण वारा लागला की घळाघळा पाणी येतं. आणि डोळे कायम लाल.

ड्रॉप्स असे आहेत: रात्री लॅटॅनोप्रॉस्ट, सकाळ-संध्याकाळ डॉर्झोलामाइड आणि टिमोलॉलची एकत्र बाटली, सकाळ-संध्याकाळ ब्रिमोनिडिन, शिवाय कोरडेपणासाठी लुब्रिकंट दिवसातून चार वेळा. डॉक्टरांना सांगितलं तर "हे ड्रॉप्स झोंबतातच, सवय होईल" एवढंच उत्तर मिळालं, प्रेशर बघितलं आणि तीन महिन्यांनी या.

माझी खरी भीती वेगळीच आहे. बाबा आता संध्याकाळचा थेंब चुकवायला लागलेत, आईला सांगतात घातला म्हणून आणि बाटली बघितली तर तशीच. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही हे त्यांनाही माहितेय पण रोज डोळ्यात तिखट गेल्यासारखं होत असेल तर माणूस किती दिवस सहन करणार? तर प्रश्न असा की या ड्रॉप्समुळे कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, खरंच इजा होते का, आणि होत असेल तर प्रेशर न बिघडवता काय करता येतं?

गोरेगावकर:

आमच्या आईचं डिट्टो हेच. फक्त तिला पापण्यांभोवती काळपटपणापण आलाय. वाचतोय.

निळाप्रकाश:

मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासणारी, आहे, परळ भागात एका डोळ्यांच्या ओपीडीत काम करते. तुमच्या बाबांसारखे पेशंट रोज बघते म्हणून जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा.

आधी सगळ्यात महत्त्वाचं, ड्रॉप्स स्वतःहून बंद करू नका. एक बाटलीसुद्धा नाही. त्रासावर उपाय आहेत पण ते डॉक्टरांनी बदलून द्यायचे आहेत.

आता कॉर्नियाबद्दल. हो, इजा होते, आणि पुष्कळदा ती औषधामुळे कमी आणि बाटलीतल्या प्रिझर्वेटिव्हमुळे जास्त होते. एक बाटली महिनाभर उघडी वापरायची तर तिच्यात जंतू वाढू नयेत म्हणून काहीतरी घालावंच लागतं आणि १९४० च्या दशकापासून डोळ्याच्या ड्रॉप्समध्ये सर्रास घातलं जातं ते बेन्झाल्कोनियम क्लोराईड. हे मुळात डिटर्जंटच्या जातीचं रसायन आहे. भांड्याचा साबण जसा तेलकटपणा तोडतो तसंच हे अश्रूंवरचा तेलाचा पातळ थर तोडतं. तो थर तुटला की अश्रू भराभर सुकतात, कॉर्निया उघडा पडतो. शिवाय कॉर्नियाच्या वरच्या थरातल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून असतात ते जोड सैल होतात, पेशी मरतात, आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या आवरणात चिकट द्रव बनवणाऱ्या ज्या पेशी असतात त्याही कमी होतात. एका थेंबाने काही होत नाही. पण हा हिशोब साठत जातो, जितक्या बाटल्या जास्त आणि जितकी वर्षं जास्त तितका त्रास जास्त.

तुमच्या बाबांचंच बघा. प्रत्येक डोळ्यात काचबिंदूचे पाच थेंब. लुब्रिकंटमध्येही हेच प्रिझर्वेटिव्ह असेल तर त्याचे आणखी चार. म्हणजे दिवसाला नऊ वेळा तेच रसायन, आणि त्यातले चार थेंब तर कोरडेपणा बरा व्हावा म्हणून घालताय!

आम्ही तपासतो ते असं. फ्लुरोसीन नावाच्या पिवळ्या रंगाची कागदी पट्टी ओली करून पापणीच्या आत टेकवायची, पेशंटला पापण्या मिटायला सांगायचं आणि स्लिट लॅम्पचा, म्हणजे डोळा मोठा करून बघायच्या यंत्राचा, निळा प्रकाश टाकायचा. चांगला कॉर्निया असेल तर सगळीकडे एकसारखा हिरवट थर दिसतो. वर्षानुवर्षं ड्रॉप्स घेणाऱ्यांच्या डोळ्यात पुष्कळदा खालच्या भागात बारीक बारीक चमकणारे हिरवे ठिपके दिसतात, कुणीतरी सुईने टोचल्यासारखे. प्रत्येक ठिपका म्हणजे वरच्या थरातली दुखावलेली जागा. मग डोळा उघडा ठेवायला सांगून सेकंद मोजायचे, हिरव्या थरात काळा डाग पडेपर्यंत. दहा सेकंदांच्या आत पडला तर अश्रूंचा थर टिकत नाहीये. पाच मिनिटांत उरकणारी तपासणी आहे, महागडं मशीन लागत नाही. पण ओपीडीत रांग असते, प्रेशर मोजलं जातं आणि हे राहून जातं. तुम्ही पुढच्या वेळी स्पष्ट शब्दांत सांगा की डोळ्याला रंग लावून कॉर्निया तपासा. आणि हे प्रेशर मोजण्याआधी सांगा, प्रेशरसाठी बधिर करायचा थेंब घातला की त्यानेसुद्धा वरचा थर थोडा बिघडतो.

अजून एक, टिमोलॉलने कॉर्नियाची संवेदना काही जणांत कमी होते. त्यामुळे उलटंही होतं, कॉर्नियावर ठिपकेच ठिपके आणि पेशंट म्हणतो मला काही त्रास नाही. म्हणून दुखत नाही म्हणजे ठीक आहे असं धरू नये.

आणि ज्या फील्ड टेस्टवर तुम्ही सगळे भिस्त ठेवता ना, ती पण कोरड्या, खडबडीत कॉर्नियामुळे खराब येऊ शकते. म्हणजे काचबिंदू वाढला नसताना वाढल्यासारखा दिसेल आणि आणखी एक बाटली वाढेल.

गोरेगावकर:

बापरे. हे आम्हाला आजवर कुणी सांगितलंच नाही. पापण्यांचा काळेपणा पण यामुळेच का?

निळाप्रकाश:

नाही, तो लॅटॅनोप्रॉस्ट, बिमॅटोप्रॉस्ट, ट्रॅव्होप्रॉस्ट या गटातल्या औषधांचाच गुण. पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात, कातडी काळवंडते, डोळे थोडे आत गेल्यासारखे दिसू शकतात. थेंब घातल्यावर बाहेर ओघळलेलं लगेच टिपून घ्या, बराच फरक पडतो. आणि या गटाचा थेंब दिवसातून एकदाच. लवकर गुण यावा म्हणून दोनदा घातलात तर असर उलट कमी होतो.

लालबागकेमिस्ट:

ताईंनी छान लिहिलंय. दुकानाच्या बाजूने थोडं सांगतो. प्रिझर्वेटिव्ह काय आहे ते खोक्यावर छापलेलं असतं, अगदी बारीक अक्षरात, औषधाच्या नावाखाली. मोबाईलने फोटो काढून मोठा करा. बेन्झाल्कोनियम क्लोराईड आणि पुढे टक्के असतात, ०.००५ पासून ०.०२ पर्यंत. लॅटॅनोप्रॉस्टच्या नेहमीच्या बाटलीत ०.०२ टक्के, म्हणजे वरच्या टोकाचं. पण तो दिवसातून एकदाच पडतो.

इथे एक गंमत नाही तर घोळ आहे तो सांगतो. बिमॅटोप्रॉस्ट ०.०३ आणि ०.०१ अशा दोन ताकदीत येतं. लोकांना वाटतं ०.०१ म्हणजे सौम्य. मूळ कंपनीच्या ०.०१ वाल्या बाटलीत औषध कमी आहे पण प्रिझर्वेटिव्ह ०.०२ टक्के आहे आणि ०.०३ वालीत ते ०.००५ टक्के होतं. म्हणजे आकडा बघायचा तर दोन्ही बघा.

लुब्रिकंटच्या खोक्यावर स्टॅबिलाइज्ड ऑक्सिक्लोरो कॉम्प्लेक्स लिहिलेलं असेल तर ते त्यामानाने सौम्य, डोळ्यात प्रकाश लागला की त्याचं पाणी, मीठ, ऑक्सिजन होऊन जातं. ब्रिमोनिडिनसुद्धा या प्रिझर्वेटिव्हमध्ये मिळतं, ट्रॅव्होप्रॉस्ट वेगळ्या प्रिझर्वेटिव्हमध्ये मिळतं. आणि पूर्ण प्रिझर्वेटिव्ह-फ्री हवं तर दोन प्रकार, एकदाच वापरून फेकायच्या छोट्या प्लॅस्टिकच्या कुप्या, नाहीतर ती झडप असलेली बाटली, जिच्यात थेंब बाहेर येतो पण बाहेरची हवा जंतू घेऊन आत जात नाही. ती दाबायला जरा कडक असते, म्हाताऱ्या माणसांना आधी दाखवून द्या.

महाग पडतं हे खरंय, खोटं कशाला सांगू. प्रत्येक मेडिकलवाला ठेवत नाही, एक दिवस आधी सांगितलं तर मागवून देतो. पण कृपा करून दुकानात येऊन "यातलं बिनप्रिझर्वेटिव्हचं काय आहे ते द्या" म्हणून परस्पर बदलू नका, चिठ्ठीवर लिहून आणा. आणि महिना झाला की उघडलेली बाटली टाका, दोन थेंब उरलेत म्हणून ठेवू नका. लॅटॅनोप्रॉस्टची न उघडलेली बाटली फ्रीजमध्येच. उघडल्यावर २५ डिग्रीच्या आत चालते असं लिहिलेलं असतं, पण मुंबईत वर्षभरात घरात २५ डिग्री कधी असते? फ्रीजच्या दारातच ठेवा. थंड थेंब डोळ्यात पडला की कळतो पण, गालावर पडला की डोळ्यात ते लगेच समजतं.

साधामाणूस६२:

माझा प्रश्न. मी असं ऐकलंय की ते प्रिझर्वेटिव्हच औषधाला कॉर्नियातून आत जायला वाट करून देतं. मग ते काढलं तर प्रेशर वाढणार नाही का? मला एकच डोळा कामाचा राहिलाय, मी रिस्क घेऊ शकत नाही.

निळाप्रकाश:

काका, शंका अगदी रास्त आहे. तसं मानलं जायचं खरं. पण एकाच औषधाची प्रिझर्वेटिव्ह असलेली आणि नसलेली बाटली समोरासमोर ठेवून अभ्यास झालेत आणि प्रेशर कमी करण्यात दोन्ही सारख्याच निघाल्यात. तरी बदल केला की डॉक्टर काही आठवड्यांत प्रेशर पुन्हा बघतात, ती तारीख चुकवू नका, तुमच्या बाबतीत तर अजिबात नाही.

आणि याची दुसरी बाजूही आहे. उद्या ऑपरेशनची वेळ आली, म्हणजे पाणी बाहेर जायला नवीन वाट करायचं जे ऑपरेशन असतं ते, तर वर्षानुवर्षं प्रिझर्वेटिव्हने सुजत राहिलेल्या डोळ्यात जखम जास्त घट्ट भरून येते आणि ती वाट बंद पडण्याची शक्यता वाढते. म्हणजे डोळ्याचा पृष्ठभाग सांभाळणं हे काचबिंदूच्याच उपचाराचा भाग आहे, नुसता आरामाचा प्रश्न नाही.

ठाणेकरीण:

वरचं सगळं पटलं पण प्रत्येक वेळी दोष प्रिझर्वेटिव्हचाच असतो असं नाही, म्हणून आईचं लिहिते. तिला काचबिंदू आहे आणि त्याबरोबर कॉर्नियाच्या सगळ्यात आतल्या थराचा फुक्स नावाचा आजार. हे दुसरं आधी माहीत नव्हतं. तिला डॉर्झोलामाइड सुरू केलं, आणि काही आठवड्यांनी ती म्हणायला लागली की सकाळी उठल्यावर गॅसच्या ज्योतीभोवती रंगीत कडं दिसतं, चहा करताना सगळं धुक्यात असतं आणि अकरा-बाराला आपोआप स्पष्ट होतं. आम्हाला वाटलं मोतीबिंदू. एका डॉक्टरांनी पण मोतीबिंदूच सांगितला. दुसऱ्यांनी कॉर्नियाच्या पेशी मोजायची टेस्ट केली, स्पेक्युलर म्हणतात, तेव्हा कळलं की पेशी फार कमी उरल्यात.

त्यांनी फार नीट समजावलं. कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशी दिवसरात्र पाणी बाहेर फेकत असतात म्हणून तो काचेसारखा पारदर्शक राहतो. मोठ्या माणसात साधारण २५०० पेशी असतात एका चौरस मिलिमीटरमध्ये, आणि मेलेल्यांच्या जागी नवीन येत नाहीत. या पंपाला कार्बॉनिक अ‍ॅनहायड्रेज नावाचं एन्झाइम लागतं आणि डॉर्झोलामाइड, ब्रिन्झोलामाइड नेमकं तेच एन्झाइम अडवून प्रेशर कमी करतात. धडधाकट कॉर्नियाला याने काही होत नाही. पण ज्यांच्या पेशी आधीच कमी आहेत त्यांच्यात पंप तोकडा पडून कॉर्निया सुजू शकतो. रात्री डोळे मिटलेले म्हणून पाणी उडून जात नाही, सूज सकाळी जास्त, दिवसा कमी. आईचं औषध बदललं आणि सकाळचं धुकं कमी झालं. गेलं नाही पूर्ण, पण कमी झालं.

म्हणून ज्यांच्या घरी फुक्स आहे, कॉर्निया बदललेला आहे किंवा मोतीबिंदूच्या अवघड ऑपरेशननंतर कॉर्निया कमजोर आहे त्यांनी डॉक्टरांना हे आपणहून सांगा. सकाळी धूसर, दुपारी स्पष्ट, हे लक्षण असेल तर तेही.

निळाप्रकाश:

फार मोलाचा प्रतिसाद, ठाणेकरीण. याच्यातच भर घालते. ब्रिमोनिडिनने काही जणांना काही महिन्यांनी अ‍ॅलर्जी येते, खूप खाज, पापण्या सुजतात, आत दाणे. तिथे प्रिझर्वेटिव्ह बदलून भागत नाही, औषधच बदलावं लागतं. खाज हे मुख्य लक्षण असेल तर अ‍ॅलर्जी, खुपणं आणि वाळू असेल तर पृष्ठभाग कोरडा, असा ढोबळ अंदाज. नेटार्सुडिल नावाचं नवीन औषध आहे, अमेरिकेत २०१७ ला मंजूर झालं, आपल्याकडेही मिळतं. त्याने डोळे लाल होतात आणि कॉर्नियावर भोवऱ्यासारख्या बारीक रेषा उमटतात. बघायला घाबरवणाऱ्या, पण नजरेवर सहसा परिणाम नसतो आणि औषध थांबवल्यावर हळूहळू जातात. ज्यांना पूर्वी कॉर्नियावर हर्पिस (एक विषाणूचा आजार) झालाय त्यांनी लॅटॅनोप्रॉस्ट गटाचे ड्रॉप्स सुरू करण्याआधी ते सांगायलाच हवं, तो पुन्हा उठू शकतो.

पार्ल्याचीपोर:

मला ३४ व्या वर्षी निघाला काचबिंदू, वडिलांना आहे म्हणून तपासणी केली तेव्हा. मी कॉन्टॅक्ट लेन्स घालते. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळ्यांसाठी लिहिते: सॉफ्ट लेन्स हे प्रिझर्वेटिव्ह शोषून घेते आणि मग दिवसभर कॉर्नियाला चिकटून बसते, त्यामुळे लेन्स काढून ड्रॉप्स घालायचे आणि निदान पंधरा मिनिटं थांबून मगच लेन्स.

आणि इथे कुणी एसएलटी लेझरबद्दल (डोळ्यातलं पाणी बाहेर जायच्या जाळीवर लेझर मारून प्रेशर कमी करतात ते) लिहिलं नाही म्हणून सांगते. ओपन अँगल प्रकारच्या काचबिंदूत (पाणी बाहेर जायची वाट उघडी असते पण निचरा नीट होत नाही तो) हे लेझर करून ड्रॉप्स टाळता किंवा कमी करता येतात. इंग्लंडमध्ये लाइट नावाचा मोठा अभ्यास झाला, २०१९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात आधी लेझर केलेल्यांपैकी जवळपास ७४ टक्के लोकांना तीन वर्षांनंतरही ड्रॉप्सची गरज नव्हती. तिथे २०२२ पासून पहिला पर्याय म्हणून लेझरच सुचवतात. माझं झालं, ओपीडीतच, त्याच दिवशी घरी. असर कायमचा नसतो, परत करावं लागू शकतं, आणि सगळ्यांना चालत नाही. पण विचारायला काय हरकत आहे? मला तर वाटतं पेशंटला पहिल्याच दिवशी हा पर्याय सांगायला हवा.

चुनाभट्टी:

एक कळकळीची विनंती. डोळे लाल झाले म्हणून मेडिकलमधून "तो लालीचा ड्रॉप" घेऊ नका. त्यात पुष्कळदा स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र, सगळे खूश, आणि आत प्रेशर वाढत जातं. माझ्या सख्ख्या मामाचा एक डोळा यात गेला, दुखलं नाही, काही नाही, कळलं तेव्हा फक्त मधलं बोगद्यासारखं दिसत होतं. काचबिंदूवाल्यांना तर हे विषच.

मालाडपश्चिम:

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः निळाप्रकाश आणि केमिस्टदादा. काल बाबांना दुसऱ्या काचबिंदू तज्ज्ञांकडे नेऊन आले. खोक्यांचे फोटो घेऊन गेले होते, लुब्रिकंटमध्येही बेन्झाल्कोनियमच निघालं. रंग लावून तपासलं आणि मी विनंती केल्यावर स्क्रीनवर मला दाखवलं. खालचा अर्धा कॉर्निया ठिपक्यांनी भरलेला. बाबांनी पण बघितलं आणि एवढंच म्हणाले, "म्हणजे मी उगाच कुरकुरत नव्हतो." मला तिथेच भरून आलं.

बदल असे झालेत: लॅटॅनोप्रॉस्टच्या जागी प्रिझर्वेटिव्ह-फ्री टाफ्लुप्रॉस्टच्या कुप्या, डॉर्झोलामाइड-टिमोलॉलपण बिनप्रिझर्वेटिव्हचं, ब्रिमोनिडिन सध्या थांबवलंय आणि एसएलटीचा विचार पुढच्या भेटीत. लुब्रिकंटसुद्धा प्रिझर्वेटिव्ह-फ्री. पापण्यांवर कोमट शेक. चार आठवड्यांनी प्रेशर बघणार. डॉक्टर म्हणाले कॉर्नियाचा वरचा थर आठ-दहा दिवसांत नवा होत असतो, त्याला फक्त रोजचा मार थांबायला हवा, फरक काही आठवड्यांत दिसेल.

साधामाणूस६२:

वाचून बरं वाटलं. बाबांना सांगा धीर सोडू नका. आता माझं एक काम, मी एकटा राहतो आणि हात थरथरतो, अर्धे थेंब गालावर जातात, म्हणून मी दोन-दोन घालतो. ते चालतं का?

निळाप्रकाश:

काका, दोनची गरज नाही. डोळ्यात मावतो त्याच्यापेक्षा एक थेंब आधीच मोठा असतो, दुसरा नुसता ओघळून जातो आणि कातडीला त्रास, बाटली पण लवकर संपते. असं करून बघा. गादीवर उताणे पडा, उशी नको. डाव्या हाताने खालची पापणी ओढून खिसा करा. उजव्या हाताचं मनगट कपाळावर टेकवा, टेकलं की थरथर कमी होते. वर छताकडे बघा आणि बाटलीचं टोक कुठेही न लावता थेंब सोडा. मग डोळा हलकेच मिटा, पापण्या फडफडवू नका, आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटं दाबून ठेवा, म्हणजे औषध नाकात-घशात न जाता डोळ्यात राहतं. टिमोलॉल असेल तर हे कराच, ते रक्तात गेलं की छाती आणि नाडीवर परिणाम होतो, दम्याची तक्रार असेल तर डॉक्टरांना सांगितलंय ना हे पण तपासा. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं. घरात मोबाईल असेल तर त्याच्यावर गजर लावा.

साधामाणूस६२:

दमा आहे. टिमोलॉल आहे का ते खोक्यावर बघतो. चष्मा आणतो आधी.

साधामाणूस६२:

आहे. ०.५ टक्के.

निळाप्रकाश:

काका, आत्ताच डॉक्टरांना फोन करा आणि दम्याचं सांगा, पुढचा थेंब घालायच्या आधी. बदली औषध ते लगेच देतील. धाप लागत असेल तर फोनची वाट बघू नका, जवळच्या हॉस्पिटलात जा. इथे कळवा, मी आज ऑनलाइन आहे.

साधामाणूस६२:

लागला फोन. धाप नाही. टिमोलॉल बंद, आज संध्याकाळी बोलावलंय दादरला, दुसरी बाटली लिहून देतो म्हणाले. कॉर्निया रंग लावून बघा हे पण सांगितलं, हो म्हणाले.